गॅसची फायरप्लेस पेटते पण टिकत नाही: ती कधी विझते त्यावरून दोष ओळखा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिरॅमिकच्या ओंडक्यांची गॅस फायरप्लेस आहे. पायलट, म्हणजे मुख्य बर्नर पेटवणारी छोटी ज्योत, पेटतो, पण नॉब सोडला की बहुतेक वेळा विझतो. पाच-सहा प्रयत्नांनी टिकलाच, तर मुख्य बर्नर लागतो आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळंच बंद पडतं. थर्मोकपल (पायलटची ज्योत आहे की नाही हे ओळखणारा भाग) एकदा बदलून झालं, तरी फरक नाही.

थर्मोकपल बदलूनही फरक पडला नाही, ही यातली सगळ्यात कामाची माहिती. पायलट टिकत नाही म्हटलं की पहिला संशय थर्मोकपलवर घेतला जातो आणि नवीन पार्ट बसवला जातो. पण थर्मोकपल फक्त ज्योतीची उष्णता मोजतं. ज्योतच अशक्त असेल तर नवं कोरं थर्मोकपलही ‘ज्योत नाही’ असंच सांगणार आणि व्हॉल्व्ह गॅस बंद करणार. म्हणून आधी ज्योत, मग जोडणी, मग थर्मोकपल आणि सगळ्यात शेवटी व्हॉल्व्ह, हा क्रम सोडू नका.

हात लावण्याआधी दोन गोष्टी. गॅसचा वास येत असेल तर यातलं काहीही करायचं नाही. कुठलंही बटण चालू-बंद न करता सगळ्यांना घेऊन घराबाहेर पडा आणि बाहेरून गॅस पुरवठादाराला फोन करा. नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका असतो आणि वर जातो. प्रोपेन हवेच्या साधारण दीडपट जड असतो आणि फायरप्लेसच्या तळाशी साचतो. त्यामुळे पेटवण्याआधी जमिनीलगतही वास घेऊन पाहा. दुसरं, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्या खोलीत चालू असलाच पाहिजे. विझणारी फायरप्लेस म्हणजे बऱ्याचदा ज्वलन बिघडलेली फायरप्लेस असते, आणि हा वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकालाही कळत नाही.

आत काय घडतं ते आधी समजून घ्या

पायलट मोडवर नॉब दाबता तेव्हा तुमचा अंगठा व्हॉल्व्हमधली एक झडप उघडतो आणि लोखंडाची छोटी चकती एका विद्युतचुंबकाला नेऊन टेकवतो. हा चुंबक इतका दुबळा असतो की चकती स्वतःकडे ओढणं त्याला जमत नाही. टेकवून दिलेली चकती धरून ठेवणं एवढंच जमतं. त्यासाठी लागणारी वीज थर्मोकपलकडून येते. थर्मोकपलचं टोक लाल तापलं की त्यातून साधारण २५ ते ३० मिलिव्होल्ट मिळतात. म्हणूनच नॉब ३० ते ६० सेकंद दाबून धरायचा असतो. टोक तापण्याआधी सोडला तर चकती सुटणारच, त्यात बिघाड काही नाही. आणि नॉब अर्धवट दाबला असेल तर चकती चुंबकापर्यंत पोचतच नाही. नॉबखाली धूळ किंवा दोरा अडकून तो पुरता दाबला जात नाही, असंही होतं. नॉब काढून खालचा दांडा पुसून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

चुंबकाच्या गुंडाळीचा रोध एका ओहमच्या काही शंभरांश भागाएवढाच असतो. इतक्या कमी रोधाच्या मंडलात (सर्किटमध्ये) जोडणीवर बसलेला ऑक्साइडचा पातळ थरही सगळा करंट खाऊन टाकतो. मल्टीमीटरवर थर्मोकपल २८ मिलिव्होल्ट दाखवतं आणि तरी पायलट टिकत नाही, हे कोडं बहुतेक वेळा इथे सुटतं.

तुमच्या फायरप्लेसमध्ये थर्मोकपल आहे की थर्मोपाइल, तेही बघा. पायलटजवळून तांब्याची एकच बारीक नळी निघून व्हॉल्व्हला नटने बसली असेल तर ते थर्मोकपल. पेन्सिलीएवढी जाड कांडी आणि तिला दोन वायरी असतील तर ते थर्मोपाइल. थर्मोपाइल म्हणजे अनेक थर्मोकपल एकामागोमाग जोडून केलेला संच. त्याची क्षमता सुमारे ७५० मिलिव्होल्टची. काही ठिकाणी दोन्ही असतात: थर्मोकपल पायलट धरून ठेवतं, थर्मोपाइल मुख्य बर्नर उघडतं. काही मॉडेलमध्ये दोन्ही कामं एकटं थर्मोपाइल करतं.

नॉब सोडताच विझतो: ज्योतीकडे बघा

खोलीतले दिवे बंद करा, पायलट पेटवा, नॉब दाबून धरा आणि ज्योत नीट न्याहाळा. चांगली पायलट ज्योत निळी, टोकदार आणि स्थिर असते. तिचा एक फाटा थर्मोकपलच्या वरच्या १० ते १२ मिलिमीटर भागाला वेढून असतो, आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात ते टोक मंद लाल दिसायला लागतं. आता वाईट ज्योती कशा दिसतात ते सांगतो. पिवळी, मऊ, डुलणारी ज्योत म्हणजे पायलटला हवा कमी मिळते आहे. हवेच्या छिद्रात धूळ किंवा कोळ्याचं जाळं आहे. निळीच, पण खुरटी आणि थर्मोकपलला जेमतेम चाटणारी ज्योत म्हणजे गॅस कमी येतो आहे. पायलटचं बारीक भोक अर्धवट चोंदलंय किंवा दाब कमी आहे. भोकापासून सुटून वर उचललेली, सुसू आवाज करणारी ज्योत म्हणजे दाब जास्त आहे किंवा भोक त्या गॅससाठीचं नाही. नैसर्गिक गॅस आणि प्रोपेनची भोकं वेगवेगळ्या मापाची असतात, आणि एकाची फायरप्लेस दुसऱ्यावर चालवताना हा घोटाळा हमखास होतो.

साफसफाईसाठी दाबलेल्या हवेचा डबा, मऊ ब्रश, टॉर्च, छोटा पाना, मिलिव्होल्ट दाखवणारा मल्टीमीटर आणि चांगला मास्क एवढं हाताशी घ्या. ओंडके बहुधा तापरोधक तंतूंचे असतात आणि त्यांची धूळ फुफ्फुसात जाणं वाईट, म्हणून मास्क टाळू नका. नॉब ऑफ करा, फायरप्लेसच्या नळीवरचा गॅसचा कॉक बंद करा आणि सगळं पूर्ण थंड होऊ द्या. काच काढा. ओंडके उचलण्याआधी दोन-तीन बाजूंनी फोटो काढा, ते पुढे लागणार आहेत.

पायलटच्या नळकांड्याच्या बुडाशी एक-दोन छोटी गोल छिद्रं दिसतील. ज्योतीत मिसळणारी हवा तिथूनच आत शिरते, आणि धूळही तिथेच बसते. डब्याची नळी त्या छिद्राशी तिरपी धरून दोन-तीन सेकंदांचे चार-पाच झोत मारा, मग पायलटच्या टोपीखालून उलट्या बाजूने झोत मारा. डबा उभाच धरा. आडवा केला की आतला द्रव बाहेर येतो. बऱ्याचदा राखाडी धुळीचा छोटा बोळा बाहेर पडतो आणि तेवढ्यानेच ज्योत पुन्हा निळी होते. उन्हाळाभर बंद राहिलेल्या फायरप्लेसमध्ये कोळी या छिद्रांत घर करतात, त्यामुळे हंगामाच्या पहिल्या दिवशी येणाऱ्या तक्रारींत या बोळ्याचा वाटा मोठा असतो. आतल्या बारीक भोकात मात्र टाचणी, तार किंवा ड्रिल बिट घालू नका. ते भोक मिलिमीटरच्या काही दशांश मापाचं असतं. किंचित रुंदावलं तरी ज्योतीचं सगळं गणित बिघडतं आणि अख्खा पायलट बदलावा लागतो.

फार दिवसांनी पेटवत असाल तर नळीत हवा भरलेली असते. पायलटची नळी बारीक असल्याने ती हवा बाहेर पडायला एक-दोन मिनिटं, कधी जास्तही लागतात. त्यामुळे पहिल्या दोन-तीन प्रयत्नांना पायलट पेटला नाही म्हणून काळजी करू नका. दर वेळी पाच मिनिटं थांबून, वास घेऊन मग पुढचा प्रयत्न करा.

ज्योत ठीक आहे, तरी टिकत नाही: जोडणी आणि थर्मोकपल

थर्मोकपल व्हॉल्व्हमध्ये जिथे शिरतं तो नट सोडवा. टोकाला छोटी गोल बटणासारखी पृष्ठभूमी असते. ती कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा. काळपट असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. तेल, ग्रीस किंवा आट्यांना लावायची टेप इथे अजिबात नको. मग नट हाताने घट्ट करा आणि पान्याने फक्त पाव फेरा द्या. जोर लावून आवळलं की टोकातला इन्सुलेटर दबतो आणि नवं थर्मोकपल बसवतानाच खराब होतं. तुम्ही बदललेल्या थर्मोकपलचं असं झालं नाही ना, ते आधी तपासा. दुसऱ्या टोकाला ते पायलटच्या पट्टीत पूर्ण वरपर्यंत, अडेपर्यंत, ढकललेलं हवं. पाच मिलिमीटर खाली राहिलं तरी ज्योत त्याच्या अंगाला लागते, टोकाला नाही.

मोजणी अशी करा. थर्मोकपल व्हॉल्व्हमधून काढून घ्या. दुसऱ्या कुणाला नॉब दाबून पायलट चालू ठेवायला सांगा. मीटरचा एक प्रोब टोकाच्या बटणाला, दुसरा तांब्याच्या नळीला लावा आणि एक मिनिट थांबा. २५ ते ३० मिलिव्होल्ट आले तर थर्मोकपल चांगलं आहे. २० च्या खाली आले आणि ज्योत खरंच चांगली असेल, तरच ते बदला. आकडा चांगला आणि जोडणी स्वच्छ असूनही पायलट टिकत नसेल, तर चुंबक खराब आहे. मग व्हॉल्व्ह बदलणं हे परवानाधारक गॅस तंत्रज्ञाचं काम.

थर्मोपाइल असेल तर मीटर व्हॉल्व्हवरच्या टीपी आणि टीएच-टीपी या टर्मिनलना लावा. नुसता पायलट चालू असताना ३२५ मिलिव्होल्टच्या खाली आकडा असेल तर काहीतरी बिघडलंय. तब्येतीत असलेलं थर्मोपाइल ५०० च्या आसपास किंवा वर दाखवतं. मुख्य बर्नर लावल्यावर आकडा उतरतो, ते साहजिक आहे. पण तो १५० ते २०० च्या खाली गेला तर बर्नर टिकेलच असं नाही. तुमच्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत नेमके आकडे असतील तर तेच धरा.

आणखी एक सोपी परीक्षा मीटरशिवाय होते. पायलट तीन मिनिटं जळू द्या, मग नॉब ऑफ करा आणि कान देऊन ऐका. नॉबने गॅस लगेच बंद केलेला असतो, पण थर्मोकपल थंड होईपर्यंत चुंबक चकती धरून ठेवतो. ती सुटते तेव्हा ‘टक’ असा स्पष्ट आवाज येतो. २० ते ६० सेकंदांनी आला तर सगळं ठीक. पाच-सात सेकंदांतच आला तर थर्मोकपल किंवा जोडणी कमजोर. काही व्हॉल्व्हमध्ये हा ‘टक’ होईपर्यंत नॉब पुन्हा पायलटवर दाबताच येत नाही. ती मुद्दाम केलेली सोय आहे, नॉब अडकलेला नाही. जोर करून तोडू नका.

दहा-पंधरा मिनिटांनी विझतं: आधी बघा, पायलट राहतो की तोही जातो

तुमच्या तक्रारीचा हा दुसरा भाग. फायरप्लेससमोर बसून घड्याळ लावा. नेमकं काय आधी विझतं, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

पायलट टिकतो आणि फक्त मुख्य बर्नर जातो, तर अडचण थर्मोपाइल, वायरी किंवा भिंतीवरच्या स्विचची आहे. थर्मोपाइलची वीज गरम टोक आणि थंड टोक यांच्या तापमानातल्या फरकावर येते. पेटी तापत गेली की थंड टोकही तापतं, फरक कमी होतो आणि आकडा उतरतो. काठावर आलेलं थर्मोपाइल थंड पेटीत ठीक चालतं आणि पंधरा मिनिटांनी हात टेकतं, ते यामुळेच. स्विच तपासायचा तर टीएच आणि टीएच-टीपी या टर्मिनलवरच्या स्विचच्या वायरी काढा आणि तिथे वायरीचा छोटा तुकडा जोडून बर्नर चालवून बघा. बर्नर टिकला तर दोष स्विचमध्ये, थर्मोस्टॅटमध्ये किंवा लांबलचक वायरीत. तपासणी झाली की तुकडा काढून टाका. या मंडलात मिलिव्होल्टची वीज असते, त्यामुळे गंजलेला स्विचही तिला अडवतो. भिंतीतली घरगुती वीज चुकूनही या स्विचला जोडू नका. व्हॉल्व्ह तिथल्या तिथे जळतो.

पायलटही सोबत जातो, आणि जाण्याआधी ज्वाळा बर्नरवरून उचलल्यासारख्या, फिकट, तरंगत्या दिसतात, तर ज्वलनाला ऑक्सिजन पुरत नाही. बंद काचेच्या डायरेक्ट व्हेंट फायरप्लेसमध्ये हवा बाहेरून आत येते आणि धूर त्याच दुहेरी पाइपातून बाहेर जातो. बाहेरच्या तोंडाशी पक्ष्याचं घरटं, पानं किंवा बर्फ असेल, पाइपाचा जोड आतून निखळला असेल किंवा काचेची गॅस्केट (कडेने हवा अडवणारी पट्टी) बसली नसेल, तर धूर परत आत येतो आणि ज्योत गुदमरते. आधी बाहेरचं तोंड बघा. मग काच बंद करताना कागदाची पट्टी गॅस्केटमध्ये धरून चारही बाजूंनी ओढून बघा; जिथून ती सहज निघते तिथे काच नीट बसलेली नाही. ही फायरप्लेस काच काढून चालवायची नाही, ‘फक्त बघण्यापुरती’ म्हणूनही नाही. फक्त जोराच्या वाऱ्यात विझत असेल, तर बाहेरच्या टोपीची जागा किंवा प्रकार चुकीचा आहे. पायलट साफ करून ते सुटणार नाही.

चिमणी नसलेल्या प्रकारात पायलटलाच ऑक्सिजन सेन्सर असतो. खोलीतला ऑक्सिजन नेहमीच्या सुमारे २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की त्याची ज्योत थर्मोकपलपासून दूर सरकते आणि गॅस बंद होतो. खिडकी थोडी उघडल्यावर फायरप्लेस टिकत असेल, तर तिने तुम्हाला वाचवलं आहे. खोली तिच्यासाठी लहान किंवा फार बंदिस्त आहे. मात्र याच पायलटच्या हवेच्या छिद्रात धूळ बसली तरी लक्षण अगदी हेच दिसतं, म्हणून आधी ते साफ करा.

उघड्या चिमणीत ठेवलेल्या ओंडक्यांसाठी चिमणीची झडप पूर्ण उघडी हवी. बी-व्हेंट प्रकारात (खोलीतली हवा घेऊन धूर उभ्या पाइपाने वर सोडणाऱ्या) धूर खोलीत सांडायला लागला की तापून मंडल तोडणारा स्पिल स्विच असतो. तो वारंवार पडत असेल तर दोष चिमणीत शोधा. तो स्विच वायरीने वळसा घालून टाळणं, ऑक्सिजन सेन्सर काढणं किंवा नॉब चिमट्याने दाबून ठेवणं म्हणजे झोपलेल्या माणसांच्या खोलीत विषारी वायू सोडण्याची तयारी.

मुख्य बर्नर लागताच पायलट खुजा होतो

हे लक्षण दिसलं की दाबाचा विचार करा. नैसर्गिक गॅसला व्हॉल्व्हच्या आत येणारा दाब साधारण ७ इंच पाण्याच्या स्तंभाएवढा (सुमारे १७ मिलिबार) आणि बर्नरकडे जाणारा ३.५ इंच (सुमारे ९ मिलिबार) असतो. प्रोपेनला आत ११ ते १३ इंच आणि बर्नरकडे सुमारे १० इंच. हे मॅनोमीटरने (गॅसचा दाब मोजायच्या यंत्राने), घरातली इतर सगळी गॅसची उपकरणं चालू ठेवून मोजायचं असतं. एकट्या फायरप्लेसला दाब पुरतो आणि पाणी तापवायचं उपकरण सुरू झालं की पायलट जातो, तर नळी बारीक आहे किंवा रेग्युलेटर दमलाय. मोजणी आणि दुरुस्ती दोन्ही तंत्रज्ञाकडे सोपवा. तुम्ही स्वतः एवढं बघू शकता: टाकीत गॅस पुरेसा आहे का, नळीवरचा कॉक पूर्ण उघडा आहे का. प्रोपेनच्या टाकीचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडला तर आतली जादा प्रवाह रोखणारी झडप बसते आणि गॅस थेंबाथेंबाने येतो. व्हॉल्व्ह बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा आणि सावकाश उघडा. कडाक्याच्या थंडीत ब्यूटेन मिसळलेला गॅस नीट वाफ होत नाही, कारण ब्यूटेन शून्याच्या आसपासच द्रव होऊन बसतो. शुद्ध प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वाफ होतो.

स्पार्कने आपोआप पेटणारी असेल तर

यात कायम जळणारा पायलट नसतो. पेटवण्याचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल स्पार्क देतं, पायलट पेटतो आणि ज्योतीतून जाणारा मायक्रोअँपिअरचा करंट एका कांडीने मोजला जातो. पायलट पेटून काही सेकंदांत विझत असेल आणि स्पार्क पुन्हापुन्हा सुरू होत असेल, तर त्या कांडीवर पांढुरका थर बसलेला असतो. बारीक स्टील वूलने ती चमकेपर्यंत घासा, तिच्या पोर्सिलेनला तडा नाही ना बघा, आणि मॉड्यूलची अर्थिंगची वायर घट्ट करा. अर्थिंग सैल असली तर कांडी कितीही स्वच्छ करा, करंट मिळणार नाही. मग वीज आणि बॅटरी दोन्ही काढून मॉड्यूल रीसेट करा.

पुन्हा जुळवताना

ओंडके फोटोप्रमाणेच, खाचांत बसवून ठेवा. ओंडका पायलटच्या ज्योतीला टेकला तर काजळी धरते आणि थर्मोकपलपर्यंत उष्णता पोचत नाही. निखाऱ्यासारखे दिसणारे, न जळणाऱ्या खनिज लोकरीचे तुकडे बर्नरच्या भोकांवर विरळ पसरायचे, पायलटपासून दूर. शोभेसाठी जास्त घातले की ज्वाळा गुदमरतात. हात लावलेल्या गॅसच्या प्रत्येक जोडावर पायलट चालू असताना साबणाचा फेस लावा; बुडबुडा फुगला तर गॅस बंद करून जोड पुन्हा बसवा. मग काच लावून मुख्य बर्नर सलग ४५ मिनिटं चालवा आणि पहिली वीस मिनिटं तिथेच बसा. सुरुवातीला ज्वाळा निळ्या असतात, पेटी तापली की पिवळसर होतात. त्या उचलायला लागल्या किंवा काचेवर काळं यायला लागलं, तर लगेच बंद करून व्हेंट तपासायला माणूस बोलवा.